बेट चुकवायचंच, पण आपण ठरवलेल्या बाजूला

न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या मध्ये जवळपास दोन हजार किलोमीटरचा टास्मन समुद्र आहे. 1931 साली फ्रान्सिस चिचेस्टर या वैमानिकाने तो एकट्याने विमानातून ओलांडायचं ठरवलं. त्याच्याकडे होतं जिप्सी मॉथ: एक इंजिन, दोन पंख एकावर एक, उघडी कॉकपिट. एका दमात पलीकडे जाईल एवढं इंधन त्यात मावत नव्हतं. मग त्याने चाकं काढून तरंगणारे फ्लोट बसवले आणि वाटेत दोन थांबे धरले, नॉरफोक बेट आणि लॉर्ड हाऊ बेट. न्यूझीलंडच्या उत्तर टोकाजवळच्या पारेंगारेंगा बंदरातून नॉरफोक सुमारे 775 किलोमीटर, तिथून लॉर्ड हाऊ आणखी 900 च्या आसपास. नॉरफोक लांबीला जेमतेम आठ किलोमीटर आणि रुंदीला पाच. आजूबाजूला शेकडो किलोमीटर पाणी, आणि बेट सापडलं नाही तर परतीचं इंधन नाही.

त्या काळातली उपकरणं वापरून एवढं लहान लक्ष्य सरळ गाठता येत नाही. गाठलं तर तो योगायोग. चिचेस्टरने केलं ते असं: बेटाकडे नेम धरलाच नाही. मुद्दाम एका बाजूला धरला, पुरेसा लांब, आणि मग सूर्याच्या आधाराने बेटाकडे वळला. यामागचं गणित अगदी सोपं आहे, पण ते पटायला आधी त्या कॉकपिटमधलं प्रत्येक उपकरण किती आणि का चुकतं हे बघावं लागतं.

सुरुवात होकायंत्रापासून. त्याची सुई भौगोलिक उत्तर दाखवत नाही, चुंबकीय उत्तर दाखवते. दोन्हींतला फरक म्हणजे दिक्पात. मुंबईत तो एका अंशाच्याही आत असतो, त्यामुळे आपल्याकडे त्याची फारशी कुणाला आठवण होत नाही. पण अमेरिकन वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग 1927 साली न्यूयॉर्कहून पॅरिसला निघाला तेव्हा न्यूयॉर्कला दिक्पात सुमारे 11 अंश पश्चिम होता, न्यूफाउंडलंडवर 30 च्या आसपास आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावर 20 च्या जवळ. दिक्पात पश्चिम असेल तर खऱ्या दिशेत मिळवायचा, पूर्व असेल तर वजा करायचा. दमलेल्या वैमानिकाने एकदा उलटं केलं की 20 अंश दिक्पाताची चूक 40 अंशांची होते.

दिक्पात निदान नकाशावर छापलेला मिळतो. विमानातल्या लोखंडामुळे सुई सरकते त्याला विचलन म्हणतात, आणि ते ज्याचं त्यालाच मोजावं लागतं. विमान मोकळ्या जागी न्यायचं, शेपटी उचलून उड्डाणात असते तशी आडवी पातळी करायची, इंजिन चालू ठेवायचं आणि विमान माहीत असलेल्या दिशांना एकेक करून फिरवायचं. उत्तर आणि पूर्वेला दिसलेली चूक छोटे चुंबक सरकवून काढायची, दक्षिण आणि पश्चिमेला निम्मी निम्मी वाटून घ्यायची. उरलेली चूक कार्डावर लिहून ते कार्ड होकायंत्राशेजारी लावायचं. हे काम कंटाळवाणं असल्याने टाळलं जायचं. केलं तरी नंतर कुणी सीटखाली पान्ह्यांची पिशवी ठेवली की कार्ड रद्दीत. दिव्याला जाणाऱ्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन नेल्या नाहीत तर दिवा लावताच सुई हलते, म्हणजे दिवसा बरोबर असलेलं होकायंत्र रात्री चुकतं.

शिवाय सुई चुंबकीय बलरेषेच्या मागे जमिनीकडे झुकू पाहते. मुंबईत हा झुकाव 25 अंशांच्या आसपास, न्यूफाउंडलंडला 70 च्या वर. जेवढा झुकाव जास्त तेवढा वळणातला गोंधळ मोठा. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असताना उजवीकडे वळायला लागलात तर होकायंत्र आधी डावीकडे वळल्यासारखं दाखवतं. पूर्वेला किंवा पश्चिमेला जाताना वेग वाढवला तर दिशा न बदलताही सुई उत्तरेकडे सरकते, वेग कमी केला तर दक्षिणेकडे. दक्षिण गोलार्धात सगळं उलट. ढगात धक्के खाणाऱ्या विमानात होकायंत्र सतत झुलतं आणि वैमानिक त्या झुलणाऱ्या सुईच्या मागे विमान फिरवत बसतो. ब्रिटिश विमानांतल्या होकायंत्रांनी यावर चांगला तोडगा काढला होता. सुईला बारीक तारांचे पाय लावून ती अल्कोहोलमध्ये ठेवायची, म्हणजे ती डोलत न बसता एकदाच हळू जागेवर येते. वरच्या काचेच्या कड्यावर दोन समांतर तारा. कडं फिरवून हवी ती दिशा लावली की पुढे आकडा वाचायचा नाही, सुई त्या दोन तारांना समांतर ठेवायची, एवढंच. एकट्या वैमानिकाला याहून सोयीचं दुसरं काही नव्हतं, असं माझं मत.

लिंडबर्गकडे एक नवं यंत्र होतं: पायोनियर कंपनीचं अर्थ इंडक्टर कंपास. त्यात सुईच नाही. विमानाच्या धडावर बसवलेली छोटी पवनचक्की वाऱ्याने फिरते आणि इंजिनाच्या लोखंडापासून लांब मागे ठेवलेली तारेची गुंडाळी फिरवते. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात गुंडाळी फिरली की वीज निर्माण होते, आणि ती वीज उचलणारे ब्रश कोणत्या कोनात धरलेत त्यावर तिचा दाब ठरतो. वैमानिकाने कंट्रोलरवर हवी ती दिशा लावायची. पॅनलवरचा काटा शून्यावर असेल तर विमान त्या दिशेला चाललंय. डावीकडे गेला तर एका बाजूला वळा, उजवीकडे गेला तर दुसऱ्या. झुलणं फार कमी. बिघडायच्या जागा मात्र अनेक: पवनचक्कीचे बेअरिंग, ब्रश, तारा. म्हणून साधं द्रवाचं होकायंत्रही होतंच. ते कमीत कमी थरथरणारी जागा शोधत शोधत डोक्याच्या वर बसवावं लागलं, आणि समोरून वाचता यावं म्हणून एका तरुणीने दिलेला पावडरच्या डबीतला आरसा च्युइंग गमने चिकटवला. अटलांटिकवर रात्री दोन्ही होकायंत्रं एकदमच झुलायला लागली तेव्हा या जोडीचाही काही काळ उपयोग राहिला नाही.

आता वारा. विमान ज्या दिशेला तोंड करून असतं त्या दिशेलाच जातं असं नाही; ज्या हवेत आहे ती हवा त्याला सोबत नेते. 70 नॉटने (तासाला 70 सागरी मैल) उडणाऱ्या मॉथला बाजूने 20 नॉटचा वारा लागला तर ते 16 अंश तिरकं जातं. याला ड्रिफ्ट म्हणतात. जमिनीवर असाल तर रस्ता सरकताना दिसतो. समुद्रावर मोजावं लागतं. पाण्यावर काही टाकायचं, धुराची नळी किंवा ॲल्युमिनियमची भुकटी, आणि सरळ उडत राहून ते मागे किती अंश तिरकं पडतं ते शेपटीजवळ रंगवलेल्या रेषांवर वाचायचं. एकाच दिशेला मोजून वाऱ्याचा वेग कळत नाही. मूळ दिशेच्या 45 अंश डावीकडे आणि नंतर 45 अंश उजवीकडे उडून पुन्हा ड्रिफ्ट मोजायचा, मग कागदावर तीन रेषा काढल्या की वारा सापडतो. यात काही मिनिटं जातात आणि तेवढ्यात थोडंफार इंधनही, म्हणून लोक एकदाच मोजून समाधान मानत. तीनशे किलोमीटर पुढे वारा बदललेला असायचा.

लिंडबर्गकडे ड्रिफ्ट मोजायचं उपकरण होतं, पण विमान इतकं चंचल की एका हाताने त्याला सरळ ठेवून दुसऱ्याने डोळा लावून मोजणं जमण्यासारखं नव्हतं. तो खाली उतरून लाटांच्या माथ्यावरचा फेस कुठे उडतो ते बघायचा आणि अंदाज बांधायचा.

या सगळ्याची बेरीज करायला जुना ठोकताळा आहे: 60 मैलांत एक अंश म्हणजे एक मैल. मुंबई ते पुणे 120 किलोमीटर धरलं तर एका अंशाच्या चुकीने तुम्ही दोन किलोमीटर बाजूला पोचाल. होकायंत्राची चूक 2 अंश आणि ड्रिफ्टची 4 अंश, दोन्ही एकाच बाजूला पडल्या तर 6 अंश. न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्सवरून आयर्लंड सुमारे 3,000 किलोमीटर. 6 अंश म्हणजे 300 किलोमीटर. लिंडबर्ग आयर्लंडच्या डिंगल उपसागरावर आला तेव्हा ठरवलेल्या रेषेपासून तीनच मैल बाजूला होता असं त्याने नोंदवलं, आणि जगभर त्याच्या कौशल्याचे गोडवे गायले गेले. कौशल्य होतंच. न्यूयॉर्क ते पॅरिस त्याने नकाशावरच्या सरळ रेषेने न जाता पृथ्वीच्या गोलाईवरच्या सर्वांत जवळच्या मार्गाने आखणी केली. निघताना दिशा (उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजलेली) 54 अंश आणि पोचताना 112, मधे शंभर शंभर मैलांचे तुकडे, दर तासाला दिशा बदलायची. एकाच दिशेने गेला असता तर सुमारे 240 किलोमीटर जास्त पडले असते. पण तीन मैल? त्यात चुका एकमेकींना खाऊन टाकतात त्याचा वाटा मोठा. आणि 300 किलोमीटर चुकला असता तरी समोर युरोप होताच. त्याने सेक्स्टंट, म्हणजे सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं उपकरण, सोबत घेतला नाही यात वेडेपणा नव्हता. खंड गाठायचा असेल तर लागत नाही.

याच टास्मनवर जानेवारी 1931 मध्ये गाय मेंझिस ऑस्ट्रेलियाहून न्यूझीलंडला एकट्याने आला. ठरवलेल्या जागी नाही, पश्चिम किनाऱ्यावर हारीहारीजवळच्या दलदलीत, तेही विमान उलटं होऊन. पण पोचला, कारण समोर लांबच लांब किनारा होता. जे. आर. डी. टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं, तेही रेडिओशिवाय. तिथे खाली ओळखीच्या खुणा होत्या. बेट ही वेगळीच जात.

म्हणून सेक्स्टंट. सूर्याची क्षितिजापासूनची उंची अंश-कलांमध्ये मोजायची. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. एक कला म्हणजे एक सागरी मैल, 1.852 किलोमीटर, हे नातं नेमकं जुळलेलं आहे आणि सगळी गंमत त्यातच आहे. पण एका मोजणीतून ठिकाण कळत नाही, एक रेषा कळते: या क्षणी सूर्य इतक्या उंचीवर दिसतो अशा सगळ्या जागांची रेषा, सूर्याच्या दिशेला काटकोनात. त्या रेषेवर तुम्ही आहात. कुठे आहात, ते नाही.

नॉरफोकच्या अक्षांशाचं, 29 अंश दक्षिणचं, उदाहरण घेऊ. मार्चअखेर, सूर्याच्या वेळेने दुपारचे तीन. सूर्य साधारण 36 अंश उंचीवर आणि 299 अंशांच्या दिशेला, म्हणजे वायव्येच्या जरा पश्चिमेकडे. रेषा त्याला काटकोनात, 029 ते 209. पारेंगारेंगाहून नॉरफोक साधारण 322 अंशांना, 417 सागरी मैलांवर. सोयीसाठी 400 धरू. सूर्य जवळपास समोर, म्हणून रेषा तुमच्या वाटेला आडवी. म्हणजे सूर्य तुम्हाला किती पुढे आलात ते सांगेल, डावी-उजवीकडे किती सरकलात ते नाही. आणि 6 अंशांच्या चुकीने 400 मैलांवर तुम्ही 40 मैल डावीकडे असाल किंवा 40 मैल उजवीकडे. सरळ नेम धरला, रेषेवर आलात, बेट दिसत नाही: आता कुठे वळणार? अर्धा तास डावीकडे जाऊन पाहिलं, नाही सापडलं, तर परत फिरून तेवढंच उलटं. टाकी रिकामी.

त्याऐवजी बेटापासून 209 च्या बाजूला 60 मैलांवरच्या पाण्यातल्या बिंदूवर नेम धरा. तो मूळ दिशेच्या सुमारे 8 अंश डावीकडे पडतो. 6 अंशांची चूक उजवीकडे झाली तरी तुम्ही बेटाच्या डावीकडेच राहता. रेषेवर आलात की विचार करायचा नाही, उजवीकडे 029 ला वळायचं. बेट 20 ते 100 मैलांच्या आत, 70 नॉटने 17 मिनिटं ते 86 मिनिटं. एकूण वाट 400 ऐवजी 440 मैल. जास्तीचं इंधन सुमारे 34 मिनिटांचं, आणि त्या बदल्यात एक प्रश्न कायमचा मिटतो.

आकाशातलं गणित उडताना करायला फुरसत नसते, म्हणून बरंचसं आधीच करून ठेवायचं. बेटावर उभ्या माणसाला दुपारी दर दहा मिनिटांनी सूर्य किती उंचीवर दिसेल ते काढून आलेख तयार ठेवायचा. त्रिकोणमितीसाठी चिचेस्टर बायग्रेव्हची नळीसारखी स्लाइड रूल, म्हणजे हिशेबाची सरकपट्टी, वापरायचा. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांवर कोरलेली मापं, अचूकता कला-दोन कलांची. वर गेल्यावर उंची मोजायची आणि आलेखाशी ताडायची. मोजलेली उंची 30 कला कमी आली, तर बेटाच्या रेषेपेक्षा तुम्ही सूर्यापासून 30 मैल लांब आहात, अजून पुढे. दोन्ही सारख्या झाल्या की वळा.

आता यात काय काय फसतं. पहिलं घड्याळ. तीनच्या सुमाराला सूर्य मिनिटाला साधारण साडेअकरा कला खाली येतो. घड्याळ पाच सेकंद चुकलं तर जवळपास एक मैल. दुसरं, रेषा स्थिर नसते. तीनला 029 असलेली चारला 018 वर येते, म्हणून वळण्याची दिशा ज्या वेळेला वळता त्या वेळेची हवी. तिसरं आणि सर्वांत वाईट: क्षितिज. जेवढ्या उंचावरून बघाल तेवढं क्षितिज खाली दिसतं आणि सूर्य जास्त वर वाटतो. 400 फुटांवर ही वजावट 19 कला, 100 फुटांवर सुमारे 10. किती फुटांवर आहात हे अल्टिमीटर सांगतो, आणि अल्टिमीटर म्हणजे हवेचा दाब मोजणारी पेटी. निघाल्यापासून समुद्रावरचा दाब 10 मिलिबारने उतरला असेल तर तो सुमारे 275 फूट जास्त दाखवतो. त्याच्या मते 400, प्रत्यक्षात सव्वाशे. साडेआठ मैलांची चूक, आणि सेक्स्टंट धरणाऱ्याचा हात अगदी स्थिर असूनही. त्यामुळे पाण्याच्या पन्नास-शंभर फुटांपर्यंत उतरून, उंचीचा अंदाज डोळ्याने घेऊन मोजायचं. तिथे अंदाज थोडा चुकला तरी दोन-तीन कलांच्या वर जात नाही. सेक्स्टंटला दोन्ही हात लागतात, विमान वळवायची दांडी गुडघ्यांत धरायची, लाटांच्या एवढ्या जवळ. म्हणून एका मोजणीवर भिस्त न ठेवता चार-पाच घेऊन सरासरी काढायची आणि जी बाकीच्यांशी जुळत नाही ती टाकून द्यायची.

ढग आले तर सगळंच बंद, आणि ढगात शिरलात तर दुसरी भीती. क्षितिज दिसेनासं झालं की कानातली समतोल सांगणारी यंत्रणा काही सेकंदांत खोटं बोलू लागते. स्पेरीचा गायरोवर (वेगाने फिरत आपली दिशा न सोडणाऱ्या चाकावर) चालणारा टर्न इंडिकेटर याच कामाचा. वळतोय की नाही एवढंच सांगतो, पण तेवढ्याने जीव वाचतो. कृत्रिम क्षितिज आणि दिशा धरून ठेवणारा गायरो वापरून जिमी डूलिटलने सप्टेंबर 1929 मध्ये झाकलेल्या कॉकपिटमधून उड्डाण आणि लँडिंग करून दाखवलं, पण ती यंत्रं साध्या मॉथमध्ये यायला वेळ लागला.

चिचेस्टरची पद्धत कागदावर साधी वाटते. वैमानिकाला ती जड का जाते, तर वळण्याच्या क्षणी समोर काहीच नसतं. इतके तास एक दिशा धरून आलेला माणूस मोकळ्या समुद्रावर जवळपास काटकोनात वळतो, आणि सगळं अंग सांगत असतं की बेट सरळ पुढे आहे. अर्ध्यातच धीर सुटून पुन्हा मूळ दिशेला फिरलात तर मुद्दाम केलेली चूक खरी चूक होते. म्हणून वळल्यावर किती मिनिटं जायचं तो आकडा निघण्याआधी लिहून ठेवायचा. तो संपेपर्यंत दिशा बदलायची नाही. 28 मार्चला चिचेस्टर नॉरफोकला पोचला, 1 एप्रिलला लॉर्ड हाऊला. तिथे रात्रीच्या वादळात नांगरलेलं विमान उलटून बुडालं आणि बेटावरच्या लोकांच्या मदतीने पुन्हा बांधावं लागलं. ऑस्ट्रेलियाचा किनारा गाठायला जून उजाडला. तो शेवटचा टप्पा मार्गशोधाच्या दृष्टीने सगळ्यांत सोपा, पुन्हा समोर खंड.

2 जुलै 1937 रोजी वैमानिक अमेलिया इअरहार्ट आणि तिचा सोबती फ्रेड नूनन न्यू गिनीतल्या लेहून 4,100 किलोमीटरवरच्या हाउलँड बेटाकडे येत होते. बेट सुमारे अडीच किलोमीटर लांब, रुंदी एक किलोमीटरही नाही, समुद्रातून काही मीटर वर. त्या वेळच्या नकाशात त्याची जागाही सुमारे 5 सागरी मैल चुकलेली. सकाळी तिचा संदेश आला: आम्ही 157–337 रेषेवर आहोत. उगवत्या सूर्याची दिशा 67 अंश होती. त्यात 90 मिळवले की 157. नूनन कसलेला मार्गदर्शक, रेषा त्याने नियमाने काढली होती. पण पुढचे शब्द होते की आम्ही रेषेवर उत्तर-दक्षिण जातोय. एकाच बाजूला वळायचं नक्की असतं तर उत्तर-दक्षिण म्हणायची गरज नव्हती. लांबचा प्रवास, रेडिओवर दिशा मिळेल हा भरवसा, कदाचित म्हणून सरळ नेम धरला गेला. रेडिओने दगा दिला: 7500 किलोसायकलवर तिला बेटाजवळ थांबलेल्या इटास्का जहाजाचे संकेत ऐकू येत होते, पण फिरत्या लूप अँटेनाने दिशा धरता येईना, कारण एवढ्या उच्च फ्रिक्वेन्सीला ते यंत्र नीट काम करत नव्हतं. उरली ती एक रेषा, आणि तिच्यावर बेट कोणत्या हाताला आहे हे सांगणारं विमानात काहीच नव्हतं.